ओकमल्गी : नाव बदललं, अभ्यासही झाला, आता जमिनीचं काय?

मेकनकर (धागाकर्ता) | एप्रिल २०२५

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेकन शहराला लागून, ओकमल्गी नदीच्या काठावर मातीची सात टेकाडं आहेत. साधारण इ.स. ९०० ते ११५० या काळात तिथल्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून ती रचली. सगळ्यात मोठं टेकाड ५५ फूट उंच आहे, त्यावर लाकडी जिन्याने चढता येतं आणि वरून मेकनचा सगळा जुना भाग दिसतो. तिथून दोनेक मैलांवर दलदलीत लमार म्हणून आणखी एक ठिकाण आहे, तिथल्या टेकाडाला शंखासारखी फिरत वर जाणारी वाट आहे. हे सगळं रचणाऱ्यांचे वंशज म्हणजे आजचे मस्कोगी लोक. त्यांना १८३० च्या दशकात इथून हाकलून ओक्लाहोमाला पाठवलं.

आता कायद्याबद्दल. १९३४ साली काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) इथे राष्ट्रीय स्मारक करायला परवानगी दिली. बेत २,००० एकरांचा होता, पण जमीन स्थानिकांनी पैसे उभे करून विकत घ्यायची होती. मंदीचे दिवस, जेमतेम ६७८ एकरांपुरते पैसे जमले. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तेवढ्यावरच घोषणा केली. पुढची ८० वर्षं जागा ७०० एकरांच्या आसपासच राहिली.

मार्च २०१९ मध्ये एका मोठ्या कायद्यात या जागेबद्दल तीन गोष्टी झाल्या. 'ओकमल्गी राष्ट्रीय स्मारक' हे नाव जाऊन 'ओकमल्गी माउंड्स राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' झालं. हद्द सुमारे २,८०० एकरांपर्यंत वाढवायला मुभा मिळाली. आणि मेकनपासून हॉकिन्सव्हिलपर्यंतच्या सगळ्या नदीपट्ट्याचा अभ्यास करून तो राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेत घेता येईल का, हे सांगा, असा आदेश निघाला. तो अभ्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. निष्कर्ष असा की पट्टा राष्ट्रीय महत्त्वाचा आहे, योग्यही आहे, पण ताब्यात घेऊन चालवणं व्यवहार्य नाही.

तरीही २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी मिळून 'नॅशनल पार्क अँड प्रिझर्व्ह' (राष्ट्रीय उद्यान आणि त्याला जोडून राखीव क्षेत्र) करण्याचं विधेयक आणलं. त्या काँग्रेसची मुदत संपली, म्हणून मार्च २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं. झालं तर जॉर्जियातलं हे पहिलं नॅशनल पार्क ('राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' हा त्याहून वेगळा दर्जा).

आमच्या इथल्या मराठी मंडळात यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, नाव बदलणं आणि अभ्यास करणं हे वेळकाढू काम, त्यातून काही होत नसतं. मी दुसऱ्या तटात आहे. ही जागा वाढायला हवी आणि तिच्या कारभारात मस्कोगींना हक्काने स्थान हवं, असं मला मनापासून वाटतं. इथल्या खासदारांना पत्र लिहायचं म्हणतोय. तुमचं काय मत? पत्रात काय लिहावं?

---

घाटवाट

लेख चांगला, पण मी पहिल्या तटात. नावाचं म्हणाल तर इंडियाना ड्यून्सचं उदाहरण घ्या. २०१९ च्या फेब्रुवारीत कायद्याने त्याचं 'नॅशनल पार्क' केलं. जमीन एक इंचही वाढली नाही, फक्त पाट्या बदलल्या.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची रखडलेली दुरुस्तीची कामं सुमारे २३ अब्ज डॉलरची आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत उद्यान सेवेतले हजारेक लोक एका फटक्यात घरी पाठवले. आहे ते सांभाळायला माणूस नाही आणि नवीन घ्यायला निघालोय. वर खुद्द सरकारी अभ्यासच 'व्यवहार्य नाही' म्हणतो. अभ्यास हो म्हणाला की डोक्यावर घ्यायचा आणि नाही म्हणाला की बाजूला सारायचा, हे मला पटत नाही.

---

अनवट

नावाबद्दल घाटवाट यांच्याशी सहमत. भायखळ्याच्या बागेचं १९६९ साली वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. माझी आई आजही टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' सांगते आणि टॅक्सीवाला तिला बरोबर पोचवतो.

---

कलम_बावन्न

थोडं कायद्याचं.

'राष्ट्रीय स्मारक' राष्ट्राध्यक्ष एकटा, १९०६ च्या पुरावशेष कायद्याखाली, नुसत्या घोषणेने करू शकतो. 'राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' मात्र काँग्रेसच करू शकते. जे घोषणेने झालं ते पुढच्या घोषणेने आक्रसूही शकतं, असे वाद इथे अलीकडे बरेच झालेत. म्हणून अशा ठिकाणी दर्जा बदलला की कायदेशीर पायाही पक्का होतो (ओकमल्गीला मात्र १९३४ पासूनच काँग्रेसच्या कायद्याचा आधार होता). आणि या प्रकरणात नावाबरोबर हद्दसुद्धा वाढली, हे इंडियाना ड्यून्सपेक्षा वेगळं आहे. २०१९ चा कायदा सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ८ आणि प्रतिनिधी सभेत ३६३ विरुद्ध ६२ मतांनी झाला. आजच्या दिवसांत हे आकडे दुर्मीळ.

अभ्यासाबद्दल. अशा अभ्यासाला चार कसोट्या असतात : जागा राष्ट्रीय महत्त्वाची आहे का, तशी दुसरी जागा व्यवस्थेत आधीच आहे का, ती सांभाळणं व्यवहार्य आहे का, आणि उद्यान सेवेनेच ती चालवायची गरज आहे का. ओकमल्गीचा पट्टा पहिल्या दोन्ही कसोट्यांवर उतरला आणि तिसरीवर अडला. कारण पट्टा लांबलचक, खाजगी मालक ढीगभर, खर्च मोठा. पण अभ्यास काँग्रेसला बांधील करत नाही, तो सल्ला असतो. घाटवाट, विधेयकवाल्यांनी हा सल्ला डावलला असं मी म्हणणार नाही, त्यांनी योजनाच बदलली. सगळा पट्टा एकदम उद्यान करायचा नाही. टेकाडांचा भाग पार्क, बाकीचा हळूहळू प्रिझर्व्ह. प्रिझर्व्हमध्ये शिकार आणि मासेमारी चालू राहते. जमीन फक्त जो राजीखुशीने विकेल त्याच्याकडूनच, सक्तीचं संपादन नाही.

---

पीचट्री

मी वॉर्नर रॉबिन्सला राहते, उद्यानापासून अर्ध्या तासावर. इथल्या लोकांचा विरोध 'शिकार बंद होणार' या एकाच भीतीपोटी होता. आमच्या शेजारचे आजोबा दर हिवाळ्यात नदीकाठच्या रानात हरणांसाठी जातात. त्यांना कळलं की प्रिझर्व्हमध्ये शिकार चालते, तेव्हापासून त्यांचा सूर मवाळ झालाय.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इथे रॉबिन्स हवाई तळ आहे. तळाच्या आजूबाजूला वस्ती वाढली की विमानांना अडचण, म्हणून भोवतालचं रान मोकळं राहावं असं तळालाही वाटतं. टेकाडं, दलदलीतलं अभयारण्य आणि हवाई तळ, तिघांची गरज एकच : इथे गोदामं आणि कारखाने उभे राहू नयेत. २०२२ च्या सुरुवातीला उद्यानाला सुमारे ९५० एकर मिळाले. तीही जमीन औद्योगिक कामासाठी जायच्या वाटेवर होती. जमिनी राखणाऱ्या एका संस्थेने ती आधी विकत घेतली, मग उद्यानाकडे दिली. २०१९ च्या कायद्याने हद्द वाढवली नसती तर देऊ केलेली जमीनसुद्धा उद्यानाला घेता आली नसती.

---

घाटवाट

पीचट्री, शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हद्द वाढवणं कामाचं, हे मान्य. माझा आक्षेप आहे तो नवीन नाव आणि त्याबरोबर येणाऱ्या गर्दीला. पश्चिम व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्जचं डिसेंबर २०२० मध्ये 'नॅशनल पार्क अँड प्रिझर्व्ह' झालं, पुढच्याच वर्षी गर्दी उसळली. पायवाटा, पार्किंग, संडास, सगळ्यावर ताण. मातीच्या टेकाडांवर तेवढे पाय पडले तर काय होईल?

---

पांढरीची_माती

घाटवाट यांची काळजी रास्त आहे, पण या टेकाडांचं सगळ्यात मोठं नुकसान पर्यटकांनी केलेलं नाही.

मी पुरातत्त्व शिकलेली आहे. शिकताना ओकमल्गीचे जुने उत्खनन-अहवाल वाचले होते आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष बघता आलं. १८४३ साली रेल्वेने तिथून रूळ नेले, छोट्या मंदिर-टेकाडाचा एक भाग त्यात गेला. १८७० च्या दशकात दुसरा मार्ग आला आणि त्याने दफन-टेकाडाचा मोठा लचका तोडला. त्या टेकाडात शंभरावर माणसं पुरलेली होती. १९६० च्या दशकात महामार्ग आय-१६ थेट टेकाडं आणि नदीच्या मधून गेला. आजही तुम्ही मोठ्या टेकाडावर उभे असता आणि ट्रकांचा आवाज अखंड कानावर येत असतो. ज्या नदीसाठी लोक तिथे वसले, ती नदी रस्त्यापलीकडे.

आपल्याकडचे लोक हे लगेच ओळखतील. लाहोर-मुलतान रेल्वेच्या खडीसाठी कंत्राटदारांनी हडप्पाच्या विटा उपसल्या होत्या. त्याच काळातली गोष्ट, तीच वृत्ती.

म्हणून माझ्या दृष्टीने प्रश्न गर्दीचा नाही, हद्दीबाहेर काय चालू शकतं याचा आहे. ७०० एकरांच्या कुंपणाबाहेर जुनी वस्ती संपत नाही, संपतो तो फक्त उद्यान सेवेचा अधिकार. १९३४ चा मूळ बेत २,००० एकरांचा होता तो उगाच नव्हता.

---

सातपुडा

@पांढरीची_माती, आणखी लिहा ना. आत काय बघायला मिळतं?

(आमच्या नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणी शिळावर्तुळं आहेत, काटोल रोडवर. १८६० च्या दशकात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथे खोदलं. आजही मोकळ्या माळावर ती वर्तुळं आहेत आणि बाजूने शहर येतंय. त्यामुळे हा विषय जवळचा वाटतो.)

---

पांढरीची_माती

सातपुडा, दोन गोष्टी सांगते.

पहिली, मातीचं सभागृह. बाहेरून गवताने झाकलेला नुसता उंचवटा. आत जायला ठेंगणा, अरुंद बोगदा, त्यातून सगळ्यांना वाकूनच जावं लागतं. आत ४२ फूट व्यासाची गोल खोली. छत १९३० च्या दशकात नव्याने उभारलेलं आहे, पण पायाखालची चिकणमातीची जमीन मूळची, हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर पाय ठेवू देत नाहीत, काचेमागून बघायचं. भिंतीला लागून मातीची ४७ आसनं, प्रत्येक आसनाच्या पुढच्या बाजूला छोटासा खळगा. दारापासून आत जाल तशी आसनं मोठी होत जातात. दारासमोर गरुडाच्या आकाराचा ओटा, त्यावर आणखी तीन आसनं. म्हणजे ५० जण गोलात बसून काही ठरवत असणार आणि कोण कुठे बसायचं हेही ठरलेलं असणार. लेखी शब्द एकही नाही, पण समाजाची अख्खी उतरंड त्या मातीत दिसते.

दुसरी गोष्ट, मक्याच्या शेताचं टेकाड. उत्खनन करताना टेकाडाच्या तळाशी शेतातले वाफे सापडले. उंच सरी, मध्ये खोल जागा, पुन्हा सरी. म्हणजे आधी तिथे शेत होतं, मग त्या शेतावरच टेकाड रचलं, आणि वरच्या मातीने खालच्या सऱ्या जशाच्या तशा जपल्या. मला मंदिर-टेकाडापेक्षा हे जास्त भावलं.

हे सगळं बाहेर आलं ते १९३३ ते १९४२ च्या उत्खननात. मंदीत बेकार झालेल्यांना काम म्हणून सरकारने खणायला लावलं, ८०० हून जास्त माणसं होती. देखरेख आर्थर केली यांची. देशातलं सगळ्यात मोठं उत्खनन म्हणून ते ओळखलं जातं. लाखो वस्तू निघाल्या. अवघ्या काही वर्षांत एवढं खणल्यामुळे नोंदी करायला हात अपुरे पडले, ही त्याची दुसरी बाजू. आणि कबरी खणताना वंशजांना विचारायची पद्धतच नव्हती. १९९० च्या कायद्याने अस्थी आणि दफनवस्तू मूळ जमातींना परत देणं बंधनकारक केलं, तेव्हापासून चित्र बदललं.

---

टल्साकर

आत्तापर्यंत फक्त वाचत होतो, शेवटच्या ओळीवर मात्र लिहिल्याशिवाय राहवेना.

मी ओक्लाहोमात टल्साला राहतो. इथून दक्षिणेला पाऊण तासावर ओकमल्गी नावाचंच गाव आहे, स्पेलिंग थोडं वेगळं. मस्कोगी राष्ट्राची राजधानी तीच. हाकलून दिलेल्या लोकांनी नव्या जागी जुन्या जागेचं नाव ठेवलं. गावात त्यांचं १८७८ चं दगडी सभागृह आहे, जरूर बघण्यासारखं.

तुमच्यातल्या अनेकांना ही जमात इतिहासजमा झालीय असं वाटत असेल, म्हणून सांगतो. त्यांचं सरकार आहे, न्यायालय आहे, दवाखाने आहेत. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने निकाल दिला की काँग्रेसने मस्कोगींची राखीव भूमी कधी विसर्जित केलेलीच नाही. माझं घर, टल्साचा बराच भाग, सगळं त्यांच्या राखीव भूमीत येतं. हे कळल्यावर मी स्वतःहून त्यांचा इतिहास वाचायला घेतला.

१८०५ च्या तहात त्यांनी ओकोनी आणि ओकमल्गी या दोन नद्यांमधली जमीन सोडली, पण टेकाडांभोवतीचा तीन मैल गुणिले पाच मैलांचा तुकडा सोडला नाही. बाकी सगळं जात असताना हट्टाने एवढंच राखलं. १८२६ च्या तहात तेही गेलं. मग १९३० च्या दशकात स्मारक झालं, उत्खनन झालं, संग्रहालय झालं, आणि ज्यांच्या पूर्वजांची जागा ते शेकडो मैल लांब. आता विधेयकात कारभारात त्यांना वाटा देण्याची भाषा आहे. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. एकर किती वाढले हे नंतर.

---

नर्मदातीर

टल्साकर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमच्या भागातली धरणात गेलेली गावं आठवली. नव्या वसाहतींना जुन्याच गावांची नावं दिलीत लोकांनी.

---

चुलीवरची

अवांतर, पण विचारतेच : हे लोक खायचे काय? मका म्हणालात, पुढे?

---

टल्साकर

मका, घेवडा आणि भोपळा. तिन्ही एकाच वाफ्यात लावायचे. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात.

आणि सॉफ्की. इथे मस्कोगींच्या कार्यक्रमात एकाने प्यायला दिली. मका भरडून, लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवून पातळ पेज करतात, काही जण ती आंबवून पितात. पहिल्या घोटाला मला आमच्या सोलापूरकडची आंबील आठवली. मी त्या आजींना मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की आमच्याकडे ज्वारीची अशीच करतात, तर त्यांनी वाटी पुन्हा भरली आणि ज्वारीबद्दल विचारत बसल्या.

---

चुलीवरची

राखेचं पाणी का, तेही कळलं : त्याने मक्याचं साल सुटतं आणि दाण्यातलं पोषण अंगी लागतं. मेक्सिकोत चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवतात ते त्याचसाठी. भरड्याची ज्वारीची आंबील करून बघा तुम्हीही, ताकातली. कृती वेगळ्या धाग्यात टाकते, इथे विषय भरकटायला नको.

---

अनवट

नावाच्या मुद्द्यावर परत येतो. टल्साकर यांचं वाचल्यावर मला राणीच्या बागेशी केलेली तुलना अपुरी वाटते. तिथे एका नावाच्या जागी दुसरं आलं. इथे मूळ नाव कायम आहे, बदलला तो सरकारी दर्जा, आणि 'माउंड्स' जोडल्यामुळे इथे काय आहे ते पाटीवरच कळतं. पूर्वी हायवेवरून जाणाऱ्याला नुसतं 'राष्ट्रीय स्मारक' वाचून काही बोध होत नव्हता.

---

पीचट्री

अगदी. आमच्या ऑफिसात कित्येकांना वाटायचं की तिथे यादवी युद्धाचं काहीतरी आहे. (तसं थोडं आहेही, १८६४ च्या लढाईची खंदकं आहेत डनलॅप शेताच्या बाजूला. पण त्यासाठी ती जागा राखलेली नाही.)

जाणाऱ्यांसाठी माहिती : अटलांटाहून आय-७५ ने दीड तास. प्रवेश मोफत. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, दुपारी सावली मिळत नाही, गवतात लाल मुंग्या असतात त्यामुळे बंद बूट घाला. मार्चमध्ये मेकनला चेरीची झाडं फुलतात तेव्हा शहर बघून होतं. पण खरं जायचं ते सप्टेंबरात. तेव्हा उद्यानात मूळनिवासींचा सोहळा असतो, ओक्लाहोमाहून मस्कोगी येतात, नाच, गाणी, कथा, हस्तकला सगळं. मुलांना घेऊन जा. माझ्या मुलाने तिथे एका मस्कोगी काकांना विचारलं, "तुम्ही इथे राहत का नाही?" त्यांनी त्याला न चिडता, खाली बसून, सगळं समजावून सांगितलं. शाळेच्या पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता.

---

घाटवाट

मी माझा मुद्दा पुन्हा, पण नीट मांडतो. मस्कोगींचा हक्क, हद्द वाढवणं, कारखाने रोखणं, या तिन्हींना माझा विरोध नाही. पैशाशिवाय कायदा करण्याला आहे. उद्यान जाहीर करायचं, पाटी लावायची, फोटो काढायचे आणि रेंजर चारच ठेवायचे, हे मी बाकी ठिकाणी बघितलंय. ज्यांना खरंच काळजी आहे त्यांनी पत्रात आधी माणसं आणि दुरुस्तीचा निधी मागावा. त्या मातीच्या सभागृहाचं छत ९० वर्षांपूर्वीचं आहे. ते गळायला लागलं तर हजार वर्षांची जमीन वाचेल का?

---

पांढरीची_माती

घाटवाट, हा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. ओल हा मातीच्या अवशेषांचा पहिला शत्रू. खोलीतली हवा आणि आर्द्रता सतत सांभाळावी लागते, त्यासाठी यंत्रणा लागते, ती बघायला माणसं लागतात. विस्ताराच्या उत्साहात हे राहून जाऊ नये. यावर मी तुमच्या बाजूने.

---

कलम_बावन्न

एक व्यावहारिक भर. अमेरिकेत उद्यान स्थापणारा कायदा वेगळा आणि दरवर्षीचं निधीवाटप वेगळं, वेगळ्या समित्यांकडे. त्यामुळे पत्रं दोन करा. एक विधेयकाला पाठिंब्याचं, दुसरं निधीबद्दल. एकात दोन्ही घातलं तर ज्याच्या टेबलावर जाईल तो अर्धंच वाचेल.

---

सातपुडा

नागरिक नसलेल्यांनी पत्र लिहून उपयोग होतो का? माझा भाऊ एच-१बी वर आहे, अटलांटात.

---

कलम_बावन्न

होतो. मतदान करता येत नाही, पण त्या मतदारसंघातला रहिवासी म्हणून खासदाराच्या कार्यालयाला पत्र लिहायला, फोन करायला कोणतीही आडकाठी नाही. पत्ता आणि पिनकोड नीट लिहायला सांगा, पत्र मतदारसंघातलं आहे का हे ते आधी त्यावरून बघतात. आपण कोण, इथे किती वर्षं राहतो, उद्यानाशी काय संबंध, हे आपल्या शब्दांत लिहावं. छापील नमुन्यावर नुसती सही केलेली पत्रं गठ्ठ्याने मोजतात, वाचत नाहीत.

---

मेकनकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी सकस चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

'अभ्यासातून काय निष्पन्न झालं?' या प्रश्नावर माझं मत या चर्चेनंतर आणखी पक्कं झालं. अभ्यास 'व्यवहार्य नाही' म्हणाला, पण त्याच कागदावर सरकारने लिहून दिलं की हा नदीपट्टा राष्ट्रीय महत्त्वाचा आहे. उद्या कुणी तिथे मोठा रस्ता किंवा कारखाना आणायचा म्हणाला तर विरोधकांच्या हातात आता सरकारचाच निष्कर्ष आहे. १८४३ मध्ये किंवा १९६० च्या दशकात तो कुणाच्याच हातात नव्हता.

पत्रात हे घालतोय : कारभारात मस्कोगी राष्ट्राचा वाटा कायद्याच्या शब्दांत पक्का असावा, तो अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहू नये. जमीन राजीखुशीनेच घ्यावी. लमारचं टेकाड आणि मुख्य टेकाडं यांच्या मधली जमीन आधी जोडावी, कारण आज ते दोन तुकडे एकमेकांपासून तुटलेले आहेत. दुसऱ्या पत्रात घाटवाट यांचा मुद्दा जसाच्या तसा : रेंजर, देखभाल, आणि सभागृहाच्या छतासाठी स्वतंत्र तरतूद.

घाटवाट, दुसऱ्या पत्राचा मसुदा तुम्हीच कराल का? तुम्हाला तो विषय माझ्यापेक्षा जास्त कळतो.

---

घाटवाट

करतो. रविवारपर्यंत पाठवतो. पहिल्या पत्रावर मात्र माझी सही धरू नका, गर्दीबद्दलचं माझं मत तेच आहे.

---

टल्साकर

मेकनकर, एक सुचवतो. मस्कोगींच्या वतीने आपण मागणी करण्यापेक्षा त्यांच्या सरकारने या विधेयकाबद्दल जे जाहीरपणे मांडलंय ते आधी वाचा आणि पत्रात त्याला पाठिंबा आहे असं लिहा. त्यांना काय हवंय ते त्यांनीच सांगितलेलं आहे. मी उद्या शोधून इथेच डकवतो.

---

पीचट्री

+१. आणि सप्टेंबरात कोण कोण येणार ते सांगा, वॉर्नर रॉबिन्सला आमच्याकडे सहा जणांची झोपायची सोय होते. चुलीवरची, तुम्ही अटलांटाच्या जवळपास असाल तर आंबील घेऊन या, टल्साकरांच्या आजी भेटल्या तर त्यांना देऊ.